शेजारही टिकावा, झोपही टिकावी



लग्नसराई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या तक्रारींना एक ठरावीक वळण लागते. अनेक महिने आटोक्यात असलेला रक्तदाब अचानक वर गेलेला असतो. सकाळची साखर वाढलेली असते. डोके जड असते, छातीत धडधडते, दिवसभर चिडचिड होते. गोळ्या त्याच, जेवण तेच, फिरणेही चुकलेले नसते. चौकशी केल्यावर कळते, की पलीकडच्या घरी हळद होती आणि डीजे रात्री बारा-साडेबारापर्यंत वाजत होता. कधी कारण लग्नाचे नसते. भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी असते, मागच्या गोठ्यात कडबाकुट्टी असते किंवा पहाटे चार वाजता सुरू होणारा पाण्याचा पंप असतो. म्हणून रक्तदाबाची गोळी वाढवण्यापूर्वी मी एक प्रश्न हमखास विचारतो, "रात्री झोप कशी लागते आणि शेजारी काय चालते?"

त्यापुढचा प्रश्न असतो, "त्यांना सांगून पाहिले का?" याचे उत्तर बहुधा एकच येते. "कसे सांगायचे डॉक्टर? रात्री-अपरात्री काही झाले तर तेच धावून येणार."

हे उत्तर भित्रेपणाचे नाही, व्यवहाराचे आहे. धाराशिव असो, कळंब, भूम, परंडा असो की उमरगा; आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत आता दोन म्हातारी माणसेच उरली आहेत. मुले पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर रुग्णवाहिका येईपर्यंत आधार द्यायला, जिन्यावरून खाली उतरवायला शेजारचाच मुलगा लागतो. त्या मुलाच्या लग्नाचा डीजे बंद करा असे सांगायचे तरी कसे? दुसरीकडे, महिन्यातून आठ-दहा रात्री झोप मोडत राहिली तर त्या मध्यरात्रीच्या दुखण्याकडे आपण स्वतःच एकेक पाऊल टाकत असतो. या पेचातून मार्ग आहे. त्यासाठी शरीराचा धर्म, कायद्याचे माप आणि शेजाऱ्याशी बोलण्याची रीत या तिन्ही गोष्टी ठाऊक हव्यात.

झोपलेल्या माणसाचा कान

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही कान आवाज टिपत राहतो आणि मेंदूचा सावध भाग त्याची नोंद घेतो. मोठा आवाज आला की शरीर त्याला संकट समजते. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी वेगाने चालते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वर चढतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे सारे जाग न येताही घडते. युरोपातील मोठ्या विमानतळांच्या आसपास राहणाऱ्या लोकांची जी पाहणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात काही जणांचा रक्तदाब रात्रभर यंत्राने नोंदवला होता. खोलीत 35 डेसिबलहून मोठा आवाज होताच झोपलेल्या माणसाचा रक्तदाब वाढत असल्याचे तिच्यात दिसले. "मला तर काही त्रास झाला नाही, मी झोपलो होतो," असे आजोबा सांगतात तेव्हा ते खरेच बोलत असतात. त्यांच्या हृदयाची रात्र मात्र वेगळी गेलेली असते.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री थोडा उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती असते. ती वारंवार हुकली तर दिवसाचा रक्तदाबही हळूहळू चढा राहू लागतो. झोप अपुरी झाली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर वाढते. तोल जाणे, पडणे, विसरणे, उदास वाटणे हे त्यामागून येते. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीतील सलग आवाज 30 डेसिबलच्या आत असावा. 2009 मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात घराबाहेरील रात्रीचा आवाज सरासरी 40 डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. कुजबुज साधारण 30 डेसिबलची असते, हे लक्षात घेतले म्हणजे शरीराची मागणी किती साधी आहे ते कळेल.

कमी ऐकू येणाऱ्यालाच जास्त त्रास

अनेक घरांत एक गैरसमज असतो, "आजींना ऐकूच कमी येते, त्यांना डीजेचा काय त्रास?" वस्तुस्थिती उलट आहे. वयोमानाने आतल्या कानातील नाजूक पेशी झिजतात. त्यामुळे हळू आवाज ऐकू येत नाही. पण आवाज एका मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम अंगावर येतो. "मोठ्याने बोल" म्हणणारी आजी पुढच्याच क्षणी "ओरडू नकोस" म्हणते, त्याचे कारण हेच. तिचा हेका समजून तिच्यावर रागावू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला आवाज कुठून आणि कशाचा येतो याचा उलगडा होत नाही. तिन्हीसांजेनंतर अशा व्यक्तींचा गोंधळ तसाही वाढतो. त्यात दणदणाट सुरू झाला की ती घाबरते, घराबाहेर पडू पाहते, सांभाळणाऱ्यावर हात उगारते. पक्षाघातातून सावरणाऱ्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि झोप मोडली की ज्यांना फिट येते अशांना आवाजापासून जपणे हा उपचाराचाच भाग आहे. सांभाळणाऱ्या सुनेची किंवा मुलीची झोपही यात धरा. दिवसभर राबून रात्री जागणारी व्यक्ती सहा महिन्यांत स्वतःच रुग्ण होते.

डेसिबलचा हिशेब

डेसिबलचे माप फूटपट्टीसारखे सरळ चढत नाही. 10 डेसिबल वाढले की आवाजातील ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. साधे बोलणे 60 च्या आसपास असते, डीजेच्या भिंतीजवळ आवाज सहज 100 च्या पुढे जातो. 85 डेसिबलचा आवाज कान 8 तास सोसू शकतो असे मानतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती अवघी 15 मिनिटे उरते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 10 मीटरवर 100 असलेला आवाज 20 मीटरवर 94, 40 मीटरवर 88, 80 मीटरवर 82 आणि 160 मीटरवरही 76 राहतो. मधल्या घरांमुळे यात फरक पडतो, तरी ढोबळ हिशेब हाच. "आमच्या दारात तर लावलेला नाही ना" हे समाधान म्हणूनच पुरेसे नाही.

आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असत. आतला गारवा जसा टिकायचा, तसा बाहेरचा आवाजही अडायचा. 1993 च्या भूकंपात त्या जड भिंतींनी आणि माळवदांनीच घात केला. त्यामुळे हलकी घरे बांधणे योग्यच होते. पण विटेच्या पातळ भिंती आणि पत्र्याचे छप्पर आवाज अडवत नाहीत. डीजेच्या खालच्या पट्टीतील दणक्याला तर भिंत जुमानतच नाही. भांडी, खिडक्यांच्या काचा आणि पत्रे थरथरतात ती त्याचीच खूण. त्यातून एप्रिल-मेच्या उकाड्यात आपण अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतो आणि लग्ने नेमकी त्याच दिवसांत असतात.

कायद्याची हद्द

केंद्र शासनाचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 14 फेब्रुवारी 2000 रोजी लागू झाले. त्यांनुसार सकाळी 6 ते रात्री 10 हा दिवस आणि रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. व्यापारी भागात ती 65 व 55, औद्योगिक भागात 75 व 70, तर शांतता क्षेत्रात 50 व 40 आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जातो.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी नियम हद्दीचा आहे. खासगी जागेत लावलेल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर, त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक असता कामा नये. निवासी वस्तीत दिवसा ही संख्या 60 होते. सार्वजनिक जागेतील ध्वनिक्षेपकासाठी मर्यादेहून 10 डेसिबल जास्त किंवा 75, यांपैकी जे कमी असेल ते लागू होते. ध्वनिक्षेपकाला दिवसासुद्धा लेखी परवानगी लागते. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक, वाद्ये आणि ध्वनिवर्धक यांना उघड्यावर मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्यापुरता वापर तेवढा चालतो. तंबू-मांडव म्हणजे बंदिस्त जागा नव्हे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत रात्री 12 पर्यंत वाढवू शकते. ही सवलत सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांच्या ठरलेल्या दिवसांची आहे. घरच्या हळदीला किंवा वाढदिवसाला ती आपोआप मिळत नाही. रात्री निवासी भागात भोंगे वाजवणे, आवाजाचे फटाके उडवणे आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवणे यांनाही 2010 पासून मनाई आहे.

ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेतील शेजारच्या घराचा आवाज तक्रारदाराच्या खोलीत मोजतात. आपल्याकडे तो आवाज करणाऱ्याच्या हद्दीवर मोजायचा. याचा अर्थ, आवाज आपल्या आवारात राखण्याची जबाबदारी आवाज करणाऱ्याची आहे. खिडक्या बंद करून घेण्याची जबाबदारी कायद्याने आजारी माणसावर टाकलेली नाही.

ही वाट डॉक्टरांनीही चालली आहे

महाराष्ट्रात आवाजाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात डॉक्टर पुढे होते, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. मुंबईचे डॉ. यशवंत ओक 1980 च्या दशकापासून या प्रश्नावर न्यायालयात गेले. पुढे ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 16 ऑगस्ट 2016 रोजी सविस्तर निकाल दिला. आवाज मोजण्याची यंत्रे पोलिसांना पुरवणे, तक्रारीसाठी सुलभ व्यवस्था उभारणे आणि तक्रारदाराची ओळख उघड न करणे हे मुद्दे त्यातून पुढे आले. त्याआधी 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की शांततेत जगणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे आणि भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली कोणाला दुसऱ्यावर आवाज लादता येत नाही. हद्दीवरच्या 5 डेसिबलची कसोटी त्या निकालात आली आणि 2010 मध्ये नियमांत दाखल झाली.

अगदी अलीकडे, 23 जानेवारी 2025 रोजी, कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तक्रारदार कोण आहे हे न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. प्रथम समज, मग दंड, मग यंत्रणा जप्त करणे असे टप्पे असावेत, असेही न्यायालयाने म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या जिल्ह्यालाही तितकाच लागू आहे. आणि कोणत्याही श्रद्धेला यातून बाधा येत नाही. तुळजाभवानीचा गोंधळ आणि गोरोबाकाकांच्या तेरमधील कीर्तन शेकडो वर्षे कर्ण्यावाचूनच चालत आले आहे.

आधी आवाज ओळखा

सगळे आवाज सारखे नसतात. तक्रारीचा विचार करण्यापूर्वी आवाज कशाचा आहे ते ठरवा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

एक-दोन रात्रींचा आवाज म्हणजे हळद, वरात, वाढदिवस. याचा दिवस आधी माहीत असतो, म्हणून तो बोलून सोडवता येतो.

ऋतूचा आवाज म्हणजे ऊस हंगामात रात्रभर गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर किंवा उन्हाळ्यात चालणारी बोअरची गाडी. यात शेजारी बहुधा दोषी नसतो. ट्रॅक्टरच्या गाण्यांबाबत ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याने हंगामाच्या आरंभीच चालकांना सूचना दिल्यास बराच फरक पडतो.

तिसरा रोजचा आवाज, म्हणजे गिरणी, वेल्डिंगचे दुकान, कडबाकुट्टी, जनित्र, पंप. येथे कोणाचे तरी पोट त्यावर असते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येत असेल तर शेतकऱ्यालाही दुसरा मार्ग नसतो. अशा ठिकाणी यंत्र बंद करण्याची मागणी करू नये, आवाज कमी करण्याची करावी. यंत्राखाली जाड रबराचे तुकडे घातले, यंत्र सामाईक भिंतीपासून हातभर सरकवले, सैल पत्रे आवळले, वंगण घातले, तर आवाज आणि हादरे लक्षणीय उतरतात. गिरणी सकाळी 7 नंतर सुरू होऊन रात्री 8 ला बंद झाली तर मालकाचे फारसे नुकसान होत नाही. हा खर्च सर्वांनी थोडा-थोडा वाटून घ्यायलाही हरकत नाही.

सांगायचे कसे

आवाज चालू असताना सांगायला जाऊ नये. त्या क्षणी घर पाहुण्यांनी भरलेले असते, मुले उत्साहात असतात, आणि चारचौघांत सांगितलेले मानभंगासारखे लागते. लग्नपत्रिका हातात येते तोच योग्य वेळ. घरातील वडीलधाऱ्यांशी, शक्यतो बाईमाणसांशी बोला. ज्यांच्या घरी सासू-सासरे आहेत त्यांना ते लवकर समजते.

बोलणे साधे असावे. "ताई, तुमच्याकडे मंगलकार्य आहे, आम्हालाही आनंद आहे. ह्यांना पक्षाघात झाल्यापासून रात्रीची झोप मोडली की रक्तदाब वाढतो, डॉक्टरांनी फार जपायला सांगितले आहे. दहा वाजता गाणी थांबली आणि तोवर स्पीकरचे तोंड आमच्या खिडकीकडे नसले तर मोठे उपकार होतील." यात आरोप नाही, वेळ, दिशा आणि कारण या तीन गोष्टी तेवढ्या आहेत. लागल्यास डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या. अशी चिठ्ठी मागायला संकोच करू नका. आम्ही आहारासाठी लिहून देतो तशीच ही आहे.

एकट्याने बोलणे जड वाटत असेल तर गल्लीतील तीन-चार घरांनी मिळून, किंवा सरपंच, नगरसेवक, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यामार्फत सर्वांसाठी एकच नियम ठरवून घ्यावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये रोज संध्याकाळी भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. मुलांच्या अभ्यासासाठी गाव एवढे करू शकते, तर म्हाताऱ्यांच्या झोपेसाठी रात्री दहानंतरची शांतता पाळणे अवघड नाही. ग्रामसभेत असा ठराव झाला की तो कोणा एका घराविरुद्ध राहत नाही. आपल्या नातवाच्या लग्नालाही तोच लागू होतो, हे मात्र आधीच मनाशी पक्के करावे.

तक्रार करावी लागली तर

सांगूनही उपयोग झाला नाही, किंवा सांगण्यासारखी परिस्थितीच नसली, तर तक्रार करणे हा हक्क आहे. पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

1. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू असेल तर डेसिबल मोजून दाखवण्याची गरज नाही. रात्रीच्या मनाईचा भंग एवढेच तक्रारीला पुरे आहे. दिवसाच्या आवाजाबाबत मात्र तो मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक असावा लागतो. निवासी भागात म्हणजे 65.

2. तातडीसाठी 112 क्रमांकावर फोन करा. ठिकाण, आवाजाचा प्रकार आणि वेळ सांगा. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करा.

3. रोजच्या आवाजासाठी एका वहीत तारीख, सुरू होण्याची व बंद होण्याची वेळ, आवाज कशाचा आणि त्या दिवशीचा रक्तदाब लिहा. दोन-तीन आठवड्यांची अशी नोंद कोणत्याही त्राग्यापेक्षा वजनदार ठरते. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे अॅप अंदाजापुरते वापरावे. अधिकृत मोजणी प्रमाणित यंत्रानेच होते.

4. लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका. कारखाना, गिरणी, जनित्र यांच्यासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनाही लिहिता येते. साऱ्या वस्तीच्या स्वास्थ्याला बाधा आणणाऱ्या व्यवसायाबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

5. पर्यावरण संरक्षण कायद्यात एप्रिल 2024 पासून 10,000 रुपयांपासून 15 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शेजाऱ्याला धमकावण्यासाठी हा आकडा वापरू नका. डीजेवाल्याला आणि मंगल कार्यालयाच्या चालकाला तो ठाऊक असला तरी पुष्कळ.

6. मार्ग सुचत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 या मदतवाहिनीवर सल्ला मिळतो.

घरात काय करावे

शेजारचा आवाज थांबेपर्यंत स्वतःची काळजी घ्यायची आहेच. पलंग सामाईक भिंतीला लागून ठेवू नका. तेथे कपाट ठेवा. आवाजाच्या बाजूची खिडकी बंद करून दुसऱ्या बाजूची उघडा. जाड पडदे, गोधड्या, सतरंज्या थोडाफार आवाज शोषतात. फोमचे कानबोळे उपयोगी आहेत, पण ते स्वच्छ असावेत, आणि रुग्णाला सांभाळणाऱ्याने दोन्ही कानांत घालू नयेत. रात्रीची हाक ऐकू यायला हवी. कानात तेल किंवा घट्ट कापूस घालू नका. बासचा दणका कानबोळ्याने फारसा अडत नाही, म्हणून लग्नाच्या रात्री हृदयरोगी किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला शक्य तर दुसऱ्या नातेवाइकाकडे मुक्कामाला न्यावे.

झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. शेजारच्याने दिलेली तर नकोच. उतारवयात अशा गोळ्यांनी रात्री उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, सकाळी गोंधळल्यासारखे होते. दणदणाटात छातीत दुखू लागले, दरदरून घाम आला, श्वास लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर वाट न पाहता 108 वर फोन करा. आवाजानंतर कानात सतत शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू येणे कमी झाले तर दोन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

शेवटी आपल्या घराकडेही कान द्या. ऐकू कमी येते म्हणून आजोबा पहाटे पाच वाजता टीव्हीवर भजने लावतात आणि पलीकडे परीक्षेचा अभ्यास करून उशिरा झोपलेला मुलगा जागा होतो. श्रवणयंत्र बसवून घेतले, किंवा टीव्हीला हेडफोन जोडला, तर हा प्रश्न सुटतो. आपण असा एक आवाज आधी कमी केला, की शेजाऱ्याला विनंती करताना शब्द शोधावे लागत नाहीत.

पुढील आठवड्यात एवढे करा. रात्री 10 नंतर अर्धा तास आपल्या रुग्णाच्या पलंगाशेजारी शांत बसा आणि कोणकोणते आवाज येतात ते वहीत लिहा. पुढच्या तपासणीला येताना ती वही रक्तदाबाच्या नोंदींबरोबर डॉक्टरांना दाखवा. औषध वाढवायचे की आवाज कमी करायचा, हे ठरवायला तिचा उपयोग होईल.